बुलपेन दुरुस्त न करता जिंकलेला मोसम: वॉशिंग्टन नॅशनल्स, २०१९

२३ मे २०१९. मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली अव्वल बेसबॉल लीग; न्यूयॉर्कमध्ये मेट्सविरुद्धच्या मालिकेतला चौथा सामना. आठव्या इनिंगमध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स ४-३ असे पुढे होते. रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर (चेंडू टाकणारा), वांडर सुएरोच्या चेंडूवर मेट्सच्या कार्लोस गोमेझने तीन धावांचा होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) मारला आणि सामना ६-४ असा हातचा गेला. आदल्या दिवशीही तेच घडलं होतं: मॅक्स शर्झरने सहा इनिंग टाकून एकही धाव दिली नाही, संघ १-० पुढे होता, आणि त्याच्यामागून आलेल्यांनी सहा धावा दिल्या. चारही सामने गेले. ५० सामन्यांअखेर १९ विजय आणि ३१ पराभव.

याच संघाने पुढच्या ११२ सामन्यांत ७४ विजय मिळवले, ९३-६९ अशा नोंदीने वाइल्ड कार्ड (गटविजेते नसलेल्यांसाठीची बाद फेरीतली जागा) घेतलं आणि ३० ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना जिंकला. वॉशिंग्टन शहराला हे विजेतेपद १९२४ नंतर प्रथमच मिळत होतं.

या मोसमाची गोष्ट बहुतेक वेळा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण या प्रकरणाचं खरं मर्म बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचरांच्या ताफ्यात आहे. मे महिन्यात संघाला बुडवणारं बुलपेन सप्टेंबरअखेरपर्यंत जवळपास तसंच राहिलं. मोसमभराचा त्याचा इआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, ५.६ च्या वर होता. इतक्या वाईट बुलपेनचा संघ त्याआधी कधीही बाद फेरीत पोहोचलेला नव्हता. व्यवस्थापनाने ही दुखरी जागा बरी केली नाही, ऑक्टोबरमध्ये तिच्यावर भार पडणार नाही अशी सोय केली. ती सोय कशी केली, कुठे फसली आणि तिची किंमत काय पडली, ते पाहू.

आधी पिचिंगचा हिशेब

सामना नऊ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये तीन बाद, म्हणजे जिंकायचं तर प्रतिस्पर्ध्याचे २७ बाद करायचे. सुरुवातीचा पिचर, म्हणजे स्टार्टर, साधारण शंभर चेंडू टाकतो. त्यात पाच ते सात इनिंग निघतात. उरलेले सहा ते बारा बाद बुलपेनने करायचे. क्रिकेटच्या सवयीने पाहणाऱ्याने एक फरक पक्का लक्षात ठेवायला हवा: एकदा काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. बुमराला शेवटच्या दोन षटकांसाठी राखून ठेवतात, तसं इथे स्टार्टरला राखता येत नाही.

२०१९ मध्ये संघात २५ जण असत. त्यातले बारा-तेरा पिचर: पाच स्टार्टर, बाकी बुलपेन. स्टार्टर दर पाचव्या दिवशी खेळतो. इआरए म्हणजे पिचरने नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षणाच्या चुकांतून झालेल्या वगळून. त्या वर्षी मेजर लीगची सरासरी साडेचारच्या आसपास होती.

पैसा कुठे लावला

ब्राइस हार्परला नॅशनल्सने १० वर्षांसाठी ३० कोटी डॉलरचा देकार दिला होता. तो फिलाडेल्फियाकडे १३ वर्षांच्या ३३ कोटींच्या करारावर गेला. जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी पैसा स्टार्टरांवर लावला. शर्झर २०१५ पासून सात वर्षांच्या २१ कोटींच्या करारावर होता, स्टीफन स्ट्रासबर्ग सात वर्षांच्या १७.५ कोटींच्या. त्यात डावखुरा पॅट्रिक कॉर्बिन सहा वर्षांसाठी १४ कोटींना आला, आणि चौथा अनिबाल सांचेझ दोन वर्षांसाठी १.९ कोटींना.

बुलपेनच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. शॉन डूलिटल हा क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग बंद करणारा, भरवशाचा होता. त्याच्या आधीची आठवी इनिंग ट्रेव्हर रोझेन्थालने सांभाळायची होती. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे तो २०१८ चा संपूर्ण मोसम खेळला नव्हता. त्याला एका वर्षासाठी ७० लाख डॉलर दिले. मायामीकडून काइल बॅराक्लॉ घेतला.

या वाटपात मुळात चूक नव्हती, असं आमचं मत आहे. रिलीव्हर वर्षाला साठ-सत्तर इनिंग टाकतो, चांगला स्टार्टर दोनशे. चूक होती ती आठव्या इनिंगसाठी दुसरा माणूस तयार न ठेवण्याची.

पहिले ५० सामने: एक कडी तुटली की

रोझेन्थालने पहिल्या चार सामन्यांत एकही बाद केला नाही. धावा झाल्या, बाद शून्य, त्यामुळे त्याचा इआरए गणिताच्या भाषेत अनंत होता. वेग शाबूत होता, दिशा नव्हती: चेंडू कॅचरच्या (यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा) आवाक्याबाहेर जात होते, फुकटचे बेस (धावेच्या वाटेवरचे टप्पे) दिले जात होते. शस्त्रक्रियेनंतर हातात जोर आधी परततो आणि नेम उशिरा, याचं हे ठळक उदाहरण. २३ जूनला त्याला सोडून दिलं तेव्हा त्याचा इआरए २२.७४ होता.

बुलपेनमध्ये एक माणूस पडला की नुकसान त्याच्यापुरतं राहत नाही. आठवीचा माणूस गेला की सातवीच्या माणसाला आठवीत आणावं लागतं, सहावीच्याला सातवीत. प्रत्येक जण स्वतःच्या कुवतीपेक्षा एक पायरी वर उभा राहतो. मग मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, क्लोजरला नववीऐवजी आठवीतच बोलावू लागतो, आणि दोन आठवड्यांत तोही थकतो. २२ मे रोजी मेट्सनी धावा कुटल्या त्या डूलिटलच्याच चेंडूंवर. दुसरा परिणाम स्टार्टरांवर होतो: मागे कुणी नाही म्हणून त्यांना १०५-११० चेंडूंपर्यंत ठेवलं जातं, आणि फलंदाजांची तिसरी फेरी सुरू झाली की त्यांना पिचरचा हात ओळखीचा झालेला असतो.

त्यात दुखापती. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ट्रे टर्नरचं बोट २ एप्रिलला बंट करताना, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू हलकेच ढकलताना, मोडलं, तो १७ मे रोजी परतला. अँथनी रेंडॉनच्या कोपरावर चेंडू बसला. ह्वान सोटोची पाठ धरली. रायन झिमरमनचा तळपाय दुखावला. फलंदाजीचा कणा एप्रिल-मेमध्ये एकत्र उभाच राहिला नाही. २ मे रोजी पिचिंग कोच डेरेक लिलिक्विस्ट यांना काढून पॉल मेनहार्ट यांना आणलं. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांना काढा, अशी ओरड २३ मेनंतर शिगेला पोहोचली. रिझो यांनी काढलं नाही.

तो निर्णय केवळ मोठ्या मनाचा नव्हता. त्यामागे हिशेबही असू शकतो. मारलेल्या धावांच्या वर्गाला, मारलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागलं की संघाचा अपेक्षित विजय-दर मिळतो. नॅशनल्सने मोसमभरात ८७३ धावा केल्या आणि ७२४ दिल्या. सूत्रात घातलं तर १६२ सामन्यांत सुमारे ९६ विजय येतात, प्रत्यक्षात ९३ झाले. म्हणजे हा मुळात नव्वदीतला संघ होता. वर्षाची नोंद नशिबाने फुगलेली नव्हती, वसंतातली मात्र नक्कीच खाली दबलेली होती.

उन्हाळा: डागडुजी

फलंदाज परतले आणि गाडी चालू लागली. ९ जूनला सॅन डिएगोमध्ये केंड्रिक, टर्नर, ईटन आणि रेंडॉन यांनी लागोपाठ चार होमरन मारले. १८ जूनला बंटच्या सरावात चेंडू नाकावर बसून शर्झरचं नाक मोडलं; दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली काळानिळा डाग घेऊन त्याने फिलाडेल्फियाविरुद्ध सात इनिंगमध्ये एकही धाव न देता दहा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. सुरुवातीला नावावर ०-६ अशी विजय-पराभवांची नोंद असलेला सांचेझ मोसमअखेर ११-८ झाला. रेंडॉनने स्वतःच्या फलंदाजीवर संघासाठी १२६ धावा आणल्या, मेजर लीगमध्ये सर्वाधिक. वीस वर्षांच्या सोटोने ३४ होमरन मारले.

बुलपेनमध्ये मात्र ठिगळंच. ४२ वर्षांचा फर्नांडो रॉडनी आला. त्या वर्षीपासून ऑगस्टमधले व्यवहार बंद झाल्यामुळे ३१ जुलै हीच शेवटची संधी होती. त्या दिवशी टोरांटोकडून डॅनियल हडसन, सिअ‍ॅटलकडून रोएनिस एलियास आणि हंटर स्ट्रिकलंड घेतले. एलियास काही दिवसांतच फलंदाजीला उतरून पहिल्या बेसकडे धावताना मांडीचा स्नायू दुखावून बसला. तिघांतला एकच सौदा पूर्ण लागला: हडसनचा इआरए वॉशिंग्टनमध्ये दीडच्या आत राहिला.

दुखणं कायम होतं याचे दोन पुरावे. १७ ऑगस्टला मिलवॉकीविरुद्ध डूलिटलने एकाच सामन्यात तीन होमरन दिले आणि संघ १४ इनिंगमध्ये १५-१४ असा हरला. डूलिटल गुडघ्याच्या दुखण्याने बाहेर गेला. ३ सप्टेंबरला मेट्सविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये बुलपेनने पाच धावा देऊन मेट्सची ५-४ ची आघाडी १०-४ करून ठेवली. तो सामना नॅशनल्सने जिंकला, कारण त्याच इनिंगमध्ये त्यांनी सात धावा काढल्या. शेवटचा घाव कर्ट सुझुकीच्या तीन धावांच्या होमरनचा. लोकांना ते पुनरागमन आठवतं. मार्टिनेझ यांना त्याच इनिंगच्या पहिल्या अर्ध्यात दिलेल्या त्या पाच धावाही नक्कीच आठवत असणार.

ऑक्टोबरचं कॅलेंडर

नियमित मोसम २८ मार्च ते २९ सप्टेंबर. १८६ दिवसांत १६२ सामने. आठवड्याला सहा-सात. अशा रेट्यात बुलपेनमधल्या प्रत्येकाला खेळवावंच लागतं. चांगल्या दोघांना रोज आणता येत नाही.

नॅशनल्सचा ऑक्टोबर: ३० दिवसांत १७ सामने. मालिकेच्या मध्ये प्रवासाचा दिवस, दोन मालिकांमध्ये आणखी सुट्टी. पाचव्या स्टार्टरची गरजच संपते. आणि दुसरी एक वाट उघडते. स्टार्टर दोन सामन्यांच्या मधल्या एका दिवशी बुलपेनमध्ये सरावाचे वीस-तीस चेंडू टाकतोच, हात सैल राहावा म्हणून. ते चेंडू सरावाऐवजी खऱ्या सामन्यात, सातव्या-आठव्या इनिंगमध्ये टाकले तर? थकवा थोडा वाढतो, कारण सामन्यातला चेंडू सरावातल्यापेक्षा जोरात जातो. पण कमकुवत रिलीव्हरच्या जागी शर्झर किंवा कॉर्बिन मिळतो.

१ ऑक्टोबरला मिलवॉकीविरुद्धच्या एकमेव वाइल्ड कार्ड सामन्यात हे पहिल्यांदा दिसलं. शर्झरने पाच इनिंगमध्ये तीन धावा दिल्या. सहावीला बुलपेनमधून आला तो स्ट्रासबर्ग, मेजर लीगमधल्या कारकिर्दीत प्रथमच रिलीव्हर म्हणून. तीन इनिंग, धाव नाही. १-३ असे मागे असताना आठव्या इनिंगमध्ये मिलवॉकीचा पिचर जॉश हेडरविरुद्ध तिन्ही बेसवर धावपटू आले, सोटोने उजवीकडे फटका मारला, क्षेत्ररक्षक ट्रेंट ग्रिशमच्या हातून चेंडू निसटला आणि तिन्ही धावा आल्या. ४-३. नववी हडसनने बंद केली. संपूर्ण सामना तीन पिचरांनी काढला, आणि त्यात ठिगळांपैकी कुणीही नव्हतं.

पुढे १०६ विजयांचे लॉस एंजेलिस डॉजर्स. स्ट्रासबर्ग दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर ४ ऑक्टोबरचा दुसरा सामना सुरू करायला उतरला आणि सहा इनिंगमध्ये एक धाव दिली. त्याच सामन्यात आठवी इनिंग शर्झरने टाकली, तिघेही स्ट्राइकआउट.

जिथे युक्ती अंगाशी आली

६ ऑक्टोबर, तिसरा सामना. सांचेझने पाच इनिंग टाकून २-१ अशी आघाडी राखली होती. सहाव्यात मार्टिनेझ यांनी कॉर्बिनला आणलं, ज्याने तीन दिवसांपूर्वीच सामना सुरू केला होता. दोन बाद झाले, तिसरा होईना. डावखुऱ्यासमोर डॉजर्सनी उजव्या हाताचे फलंदाज आणले. रसेल मार्टिन आणि एन्रिके हर्नांडेझ यांनी दोन-दोन धावांचे डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारले. कॉर्बिनच्या नावावर सहा धावा, बाद दोन. सामना १०-४ असा गेला.

हा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे, कारण युक्तीची मर्यादा यातच दिसते. कॉर्बिनचं शस्त्र म्हणजे खाली घसरणारा स्लायडर. फलंदाज त्यामागे गेला तर तो जिंकतो. फलंदाजाने बॅट रोखली तर त्याला चेंडू स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे फलंदाजासमोरच्या वैध पट्ट्यात, आणावा लागतो. स्टार्टर म्हणून त्याला जम बसवायला एक इनिंग मिळते, रिलीव्हरला तो वेळ नसतो. शिवाय स्टार्टर अडचणीत आला की त्याला थोडा वेळ द्यायची मॅनेजरची सवय असते. ती सवय सहाव्या इनिंगमध्ये महाग पडली.

महत्त्वाचं हे की मार्टिनेझ यांनी एका फसलेल्या प्रयोगावरून ती वाट सोडली नाही. ९ ऑक्टोबरच्या निर्णायक पाचव्या सामन्यात कॉर्बिन पुन्हा रिलीव्हर म्हणून आला आणि चार बाद करून धाव दिली नाही. संघ ०-३ वरून वर आला, आठव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या क्लेटन करशॉच्या लागोपाठच्या दोन चेंडूंवर रेंडॉन आणि सोटोचे होमरन, दहाव्यात हावी केंड्रिकचा ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला होमरन. ७-३.

सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्धची मालिका चार सामन्यांत आटोपली. तिथे युक्तीची गरजही फारशी पडली नाही: सांचेझने ७ इनिंग आणि वर २ बाद, शर्झरने ७, स्ट्रासबर्गने ७, कॉर्बिनने ५ इनिंग टाकल्या. चार सामन्यांत कार्डिनल्सच्या मिळून सहा धावा. पहिल्या सामन्याला हडसन मुलीच्या जन्मामुळे हजर नव्हता. सांचेझनंतरचे चारही बाद डूलिटलने केले.

वर्ल्ड सिरीज

समोर १०७ विजयांचे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज. नॅशनल्सने ह्यूस्टनमधले पहिले दोन जिंकले, ५-४ आणि १२-३. घरच्या मैदानावरचे तिन्ही हरले, तीन सामन्यांत मिळून तीन धावा. पाचव्या सामन्याच्या सकाळी शर्झरला मानेच्या आखडण्यामुळे हातही हलवता येईना. ऐनवेळी जो रॉसला उतरावं लागलं. चार माणसांवर सगळी भिस्त ठेवली की एक मान आखडली तरी काय होतं, ते ७-१ च्या पराभवाने दाखवलं.

सहाव्या सामन्यात स्ट्रासबर्गने पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावा दिल्या. तो कुठला चेंडू टाकणार हे त्याच्या हालचालींवरून फलंदाजांना कळतंय, हे मेनहार्ट यांच्या लक्षात आलं. स्ट्रासबर्गने पुढे प्रत्येक चेंडूआधी ग्लोव्ह हलवायला सुरुवात केली, म्हणजे पकड वाचता येऊ नये. त्यानंतर एकही धाव नाही. ८ इनिंग आणि वर १ बाद, १०४ चेंडू, ७-२ विजय.

सातवा सामना या प्रकरणाचा सार आहे. इंजेक्शन घेऊन उतरलेल्या शर्झरने ११ फलंदाजांना हिट किंवा वॉकवर (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा फुकटचा बेस) बेसवर जाऊ दिलं, तरी पाच इनिंगमध्ये दोनच धावा दिल्या. सहावीपासून कॉर्बिन, ज्याने चौथा सामना सुरू केला होता. तीन इनिंग, धाव नाही. नववी हडसन. पुन्हा तीनच पिचर. समोर अ‍ॅस्ट्रोजचा झॅक ग्रिंकी २-० वर खेळत होता. सातव्यात रेंडॉनचा होमरन आणि सोटोचा वॉक झाल्यावर त्याला ८० चेंडूंवर काढलं. आला तो विल हॅरिस. केंड्रिकचा फटका उजव्या बाजूच्या फाउल पोलवर (सीमेवरच्या खांबावर) आदळला, म्हणजे होमरन, आणि ३-२ झालं. पाचवा सामना सुरू केलेला गेरिट कोल बुलपेनमध्ये हात गरम करून थांबला होता. त्याला बोलावलंच नाही. एका संघाने त्या रात्री आपला स्टार्टर बुलपेनमधून आणला, दुसऱ्याने ठेवून दिला. सामना ६-२ असा संपला. सातही सामने पाहुण्या संघाने जिंकलेली ही पहिली वर्ल्ड सिरीज.

आता एकूण हिशेब. बाद फेरीत नॅशनल्सनी १५३ इनिंग टाकल्या, म्हणजे ४५९ बाद. त्यातले ३२३ स्ट्रासबर्ग, शर्झर, कॉर्बिन आणि सांचेझ या चौघांनी केले, म्हणजे ७० टक्के. डूलिटल आणि हडसन धरले तर ८३ टक्के. नियमित मोसमात याच चौघांचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त होता. मोसमभर ज्यांनी आघाड्या घालवल्या, त्यांच्यासाठी ऑक्टोबरमध्ये उरले ते बहुतेक निकाल लागलेल्या सामन्यांतले बाद.

ही वाट कॅलेंडरवर अवलंबून होती. पुढच्याच वर्षी, महामारीच्या मोसमात, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिका सुट्टीच्या दिवसांविना सलग खेळवल्या गेल्या. तिथे हा बेत तीन दिवसांत कोलमडला असता.

किंमत

२०१२ मध्ये याच संघाने उलटा निर्णय घेतला होता. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पूर्ण मोसमात स्ट्रासबर्गला १५९ इनिंगनंतर सप्टेंबरमध्ये थांबवलं आणि ९८ विजयांचा संघ त्याच्याविना बाद फेरीत उतरला. सेंट लुइसविरुद्धच्या पाचव्या सामन्यात ६-० ची आघाडी घालवून ते ९-७ असे हरले. त्यानंतर २०१४, २०१६ आणि २०१७ मध्येही पहिल्याच मालिकेत बाहेर.

२०१९ मध्ये स्ट्रासबर्गने नियमित मोसमात २०९ आणि बाद फेरीत ३६, मिळून २४५ इनिंग टाकल्या. बाद फेरीत त्याची विजय-पराभवांची नोंद ५-० राहिली, तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि डिसेंबरमध्ये सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. त्या करारात तो एकूण आठ सामने खेळू शकला: २०२० मध्ये दोन, २०२१ मध्ये पाच, २०२२ मध्ये एक. मिळून ३१ इनिंग. मान आणि खांद्यामधल्या नसांवरच्या दाबासाठी २०२१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, २०२४ मध्ये निवृत्ती. कॉर्बिनने २०२२ मध्ये १९ सामने हरले, इआरए ६.३१. ऑक्टोबर २०१९ मुळेच हे झालं असं सिद्ध करता येत नाही. तिशी ओलांडलेले पिचर तसेही मोडतात. शर्झर त्याच ऑक्टोबरनंतर कित्येक वर्षं उत्तम खेळत राहिला.